लायसन्स लॅपटॉपच्या बोर्डातच होतं, मला सहा वर्षांनी कळलं

२०२५च्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी लॅपटॉप चालू केला तर वॉलपेपर गायब, सगळं काळं, आणि उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरांत 'ॲक्टिव्हेट विंडोज' असं आलेलं. वाटलं काहीतरी अपडेट असेल, जाईल आपोआप. दुसऱ्या दिवशी पण तेच. सेटिंग्जमध्ये जाऊन बघितलं तर लिहिलेलं की तुमच्या ऑर्गनायझेशनच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हरशी कनेक्ट होता येत नाही म्हणून विंडोज ॲक्टिव्हेट होत नाही, आणि खाली एरर कोड, ०एक्स-सी००४एफ०७४. आता माझी कुठली ऑर्गनायझेशन? मी गोव्यात डिचोली तालुक्यात घरातल्या पुढच्या खोलीत बसून डीटीपी करते, एक लॅपटॉप, एक प्रिंटर, बस्स.

काम म्हणजे लग्नाच्या पत्रिका, जत्रेची पत्रकं, नाटकाची हँडबिलं, आणि त्याच्या जोडीला वाड्यावरच्या बायकांचे सरकारी योजनांचे फॉर्म, गृह आधारचे, दयानंद सामाजिक सुरक्षेचे, त्यांची आधार कार्डं नि पासबुकं स्कॅन करून ठेवायची, प्रिंट काढून द्यायची. त्यात चवथ २७ ऑगस्टला आलेली आणि मंडळाची घुमट आरत्यांची, म्हणजे घुमट हे मातीचं वाद्य वाजवून म्हणतात त्या आरत्यांची, पुस्तिका माझ्याकडे, दोनशे प्रती, सगळ्या आरत्या नव्याने टाइप करायच्या. म्हणजे मशीन बंद ठेवून बसायला वेळच नव्हता. खरं सांगायचं तर त्या अक्षरांनी काम काही अडत नाही, प्रिंटवर ती येत नाहीत, फाइल उघडतात, फक्त थीम नि रंग बदलता येत नाहीत. पण समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना स्क्रीनवर ते दिसतं आणि मला ते बरं वाटत नव्हतं.

मागचं थोडं सांगते. लॅपटॉप २०१९चा, आठव्या पिढीचा आय-थ्री, नवाकोरा घेतलेला, विंडोज १० कंपनीकडूनच आलेलं. २०२१मध्ये फार स्लो झाला म्हणून बाजारातल्या एका दुकानात फॉर्मॅट मारून आणला, पाचशे रुपये दिले. मग २०२५च्या जानेवारीत हार्ड डिस्क कट-कट आवाज करायला लागली आणि गेली, त्याच दुकानात नवीन एसएसडी घालून घेतली, त्याने आपल्याकडच्या पेनड्राइव्हवरून विंडोज टाकलं, एका तासात मशीन हातात. बिलावर तारीख २८ जानेवारी. मशीन पळायला लागलं, मी खूश. ते बिल मी जपून ठेवलं होतं ही एक गोष्ट बरी झाली, पुढे त्या तारखेवरून सगळा उलगडा झाला.

तर जुलैत मी परत त्याच दुकानात गेले. मुलगा म्हणाला, 'ताई, ॲक्टिव्हेशन गेलंय, आता ओरिजिनल की टाकूया, बाराशे रुपये, व्हॉट्सॲपवर येते, लगेच होतं.' मी विचारलं की मग जानेवारीत काय टाकलं होतं, तर तो म्हणाला 'सगळ्यांक हेंच घालतां गो.' तो काही लपवत नव्हता, त्याच्या दृष्टीने ती रोजची गोष्ट होती. मी म्हटलं उद्या सांगते आणि मशीन घेऊन घरी आले. बाराशे रुपये म्हणजे माझ्या दोन पत्रिकांची कमाई, आणि पैशापेक्षा मला हे कळत नव्हतं की एकदा विकत घेतलेली वस्तू परत विकत कशी काय घ्यायची.

माझ्या बहिणीचा मुलगा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे, शनिवारी घरी येतो. त्याला फोन केला. तो पहिलंच वाक्य बोलला ते म्हणजे 'मावशी, की विकत घेऊ नकोस, आधी मला मशीन बघू दे.' त्याच्या रूममधल्या मुलाने अशीच स्वस्तातली की घेतली होती, चालली, आणि तीन आठवड्यांनी ०एक्स-सी००४सी००३ असा कोड देऊन बंद पडली. म्हणजे ती की ब्लॉक झाली. अशा कितीतरी किया कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या नावावरच्या असतात, एकच की शेकडो लोकांना विकली जाते, आणि एक दिवस ती बंद केली की सगळ्यांचं जातं, पैसे मागायला कुणाकडे जाणार.

शनिवारी आला. चहा पण नाही घेतला, आधी कमांड प्रॉम्प्टची काळी विंडो उघडून एसएलएमजीआर असं टाइप केलं, स्पेस, स्लॅश, डीएलआय. एक छोटा बॉक्स आला. हे कुणीही करू शकतं, याने काही बदलत नाही, फक्त माहिती दिसते. त्यात पहिल्या ओळीत प्रोफेशनल एडिशन, मग 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट चॅनल', कीची शेवटची पाच अक्षरं टी८३जीएक्स, स्टेटस 'नोटिफिकेशन'. तो म्हणाला ही टी८३जीएक्सवाली की तुझी नाहीच, ही मायक्रोसॉफ्टने स्वतःच सगळ्यांसाठी जाहीर केलेली की आहे, मोठ्या ऑफिसातल्या मशीनवर प्रो घालताना हीच घालतात. म्हणजे नुसत्या त्या कीने काहीच ॲक्टिव्हेट होत नाही. ती मशीनला एवढंच सांगते की आपल्या ऑफिसचा सर्व्हर शोध आणि त्याच्याकडून परवानगी घे.

हे केएमएस काय असतं ते मला त्याने नीट समजावलं आणि मला ते पटकन कळलं. मोठ्या कंपनीत, कॉलेजात शेकडो कॉम्प्युटर असतात, प्रत्येकाची वेगळी की कोण सांभाळणार, म्हणून त्यांच्याकडे आपला एक सर्व्हर असतो, बाकीची मशीनं त्याला विचारतात आणि तो १८० दिवसांसाठी ॲक्टिव्हेट करतो. दर ७ दिवसांनी मशीन परत विचारतं आणि मुदत पुढे सरकते. निदान २५ कॉम्प्युटर असल्याशिवाय तो सर्व्हर विंडोज १० किंवा ११ला हो म्हणतच नाही. आता दुकानदाराने काय केलं, तर माझ्या मशीनवर खोटा सर्व्हर दाखवणारं एक टूल चालवलं, मशीनला वाटलं ऑफिस सापडलं, १८० दिवस मिळाले. नंतर ते टूल विंडोजच्या डिफेंडर अँटिव्हायरसने काढून टाकलं असणार, मग दर आठवड्याला मशीन विचारत राहिलं, उत्तर कुणी देईना. २८ जानेवारीपासून १८० दिवस मोजले. २७ जुलै. त्याच आठवड्यात स्क्रीन काळी झाली होती. आम्ही दोघं कॅलेंडरकडे बघत बसलो.

पण मला खरा धक्का नंतर बसला. त्याने डिफेंडर उघडून एक्सक्लुजनची यादी दाखवली, म्हणजे अँटिव्हायरसने कुठे बघायचं नाही ती यादी, त्यात एक फोल्डर होता जो मी कधी टाकला नव्हता, आणि टेम्प म्हणून आणखी एक. हे असलं टूल चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि परत पकडू नये म्हणून अशी वाट मोकळी ठेवतात. त्या टूलमध्ये आणखी काय होतं, कुणी बनवलं होतं, दुकानदारालाही ठाऊक नाही. आणि सहा महिने मी त्याच मशीनवर सत्तर-ऐंशी बायकांची आधार कार्डं, पासबुकाची पहिली पानं, मोबाईल नंबर ठेवून होते. त्यातल्या कितीतरी जणींना वाचता येत नाही, त्या माझ्यावर विश्वास ठेवून कागद देऊन जातात, बाय तू बघ म्हणतात. मला त्या रात्री झोप लागली नाही. काही चोरीला गेल्याचं आजवर दिसलेलं नाही, पण ती वाट उघडी होती हे खरं आणि ते मला आधी कळायला हवं होतं.

मग भाच्याने पॉवरशेल, म्हणजे विंडोजमधलीच कमांड टाइप करायची दुसरी विंडो, उघडून एक ओळ टाइप केली, जिच्या शेवटी ओए-थ्री-एक्स-ओरिजिनल-प्रॉडक्ट-की असं काहीतरी येतं, एंटर मारला, आणि खाली एक की आली. पाच-पाच अक्षरांचे पाच गट, पूर्ण की. मी विचारलं ही कुणाची. म्हणाला, 'तुझी. २०१९पासून तुझीच आहे.' मग दुसरी ओळ टाकली, ती त्या कीचं वर्णन दाखवते, त्यात आलं 'कोअर सिंगल लँग्वेज, ओईएम डीएम', म्हणजे होम एडिशन, एका भाषेची, कंपनीनेच बसवलेली.

म्हणजे लॅपटॉप बनवताना कंपनीने विंडोजची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये लिहून ठेवलेली असते. विंडोज ७पर्यंत मशीनच्या पोटाला स्टिकर असायचा, त्यावर की छापलेली, आणि दोन वर्षांत घासून ती वाचता यायची नाही. २०१२ला विंडोज ८ आलं तेव्हापासून नवीन लॅपटॉपमध्ये की बोर्डावरच्या एका छोट्या टेबलात जाते, एमएसडीएम म्हणतात त्याला. हार्ड डिस्क बदला, एसएसडी घाला, दहा वेळा फॉर्मॅट मारा, ती तिथेच राहते. २०२१ला पाचशे रुपये दिले तेव्हाही ती तिथेच होती, जानेवारीत पण होती. दोन्ही वेळा खरं लायसन्स खाली आणि त्याच्यावर खोटं प्रो बसवलेलं.

मला हे समजायला माझ्या धंद्यातलीच एक गोष्ट उपयोगी पडली. माझ्याकडे जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल आहे, पेनड्राइव्हएवढं, यूएसबीत लावलं की फॉन्ट चालतात, काढलं की बंद. ते मी सोन्यासारखं जपते, प्रवासात पर्समध्ये, घरी कपाटात, कारण लायसन्स म्हणजे ते डोंगल हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. लॅपटॉपच्या विंडोजचं डोंगल म्हणजे त्याचा बोर्ड. फक्त ते हातात धरता येत नाही, दिसत नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग सरळ ती की आहे त्या विंडोजमध्ये टाकून बघितली. घेत नाही. कारण की सिंगल लँग्वेज होमची आणि मशीनवर प्रो. होमवरून प्रोला वर जाता येतं, प्रोवरून होमला खाली यायचं तर सगळं पुसून नव्याने घालावं लागतं. बहुतेक लोक इथेच अडकत असतील असं मला वाटतं, की ओरिजिनल आहे, मशीन ओरिजिनल आहे, तरी ॲक्टिव्हेट होत नाही, कारण एडिशन जुळत नाही. की जर दिसली तर सोबत तिचं वर्णन बघा आणि सेटिंग्जमधली एडिशन बघा, दोन्ही एकच पाहिजेत.

चवथीला अठरा दिवस होते. भाचा म्हणाला पुसायचंच आहे तर विंडोज १० परत कशाला, त्याचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपतायत, अकराच घालूया, विंडोज १०ची बोर्डातली की अकराला पण चालते. माझा प्रोसेसर आठव्या पिढीचा म्हणून अकरा बसतं, सातव्या पिढीचा असता तर बसलं नसतं. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय पण लागते, ती बायॉसमध्ये चालूच होती. रॅम मी मागेच ८ जीबी केलेली.

बॅकअपला सगळा रविवार गेला. पेजमेकरच्या फाइल, फॉन्ट, गिऱ्हाइकांची स्कॅन, ब्राउझरमधले बुकमार्क, प्रिंटरचा ड्रायव्हर. एक्सटर्नल डिस्कवर फक्त कामाच्या फाइल घेतल्या, कुठलीही सेटअप फाइल किंवा दुकानदाराने दिलेलं सॉफ्टवेअर घेतलं नाही, कारण घाण तीच परत आणायची नव्हती. ऑफिस पण क्रॅक होतं हे ओघाने कळलंच, ते सोडून दिलं, आता लिबरऑफिस वापरते, माझ्या कामाला पुरतं. आधार कार्डांच्या बाबतीत मी एक केलं, ज्यांचे फॉर्म पूर्ण होऊन गेलेत त्यांची स्कॅन कायमची काढून टाकली. ती ठेवायचीच गरज नव्हती, नुसती सवय होती.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा पाहिजे, त्यातलं सगळं पुसलं जातं. तो बनवला मात्र माझ्या मशीनवर नाही, बहिणीच्या घरी भाच्याच्या मशीनवर, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून. हे टूल फुकट आहे. मला वाटायचं विंडोज विकत मिळतं म्हणजे ती डीव्हीडी विकत मिळते, तसं नाहीये, विंडोज कुणीही उतरवू शकतं, किंमत लायसन्सची. दुकानदार लोक वर्षानुवर्षं तोच एक पेनड्राइव्ह फिरवतात आणि त्यात प्रोच असतं म्हणून सगळ्यांना प्रो घालतात.

सोमवारी संध्याकाळी बसलो. पाऊस नुसता कोसळत होता, लाईट जाईल म्हणून शेजारच्यांचा इन्व्हर्टर आणून ठेवलेला, कारण माझ्या लॅपटॉपची बॅटरी अर्धा तासच टिकते. पेनड्राइव्हवरून चालू केलं, भाषा, कीबोर्ड, मग डिस्कवरचे सगळे भाग डिलीट करून मोकळ्या जागेवर नेक्स्ट. मी वाट बघत होते की आता की विचारेल, मी कागदावर लिहून समोर ठेवलेली, बी आणि ८ सारखे दिसतात म्हणून दोनदा तपासलेली. विचारलंच नाही. कुठली एडिशन पाहिजे तेही विचारलं नाही. बोर्डातली की सेटअपने स्वतः वाचली आणि होम सिंगल लँग्वेज घालायला घेतलं. भाचा म्हणाला हेच तर बघायचं होतं.

पुढे नेटवर्कच्या पानावर अडकलो. वाय-फायचा ड्रायव्हर नव्हता म्हणून एकही नेटवर्क दिसेना, आणि होममध्ये नेट नि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट नसेल तर सेटअप पुढे जात नाही. माझ्या पोटात गोळा आला, जुनं तर पुसलेलं, नवीन पूर्ण होईना. मग मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, लगेच नेट आलं. ज्यांना हे करायचंय त्यांनी केबल नि मोबाईलमध्ये डेटा आधीच बघून ठेवा, किंवा वाय-फायचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन बसा.

साडेनऊला डेस्कटॉप आला. सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन. तिथे लिहिलेलं, ॲक्टिव्ह. डिजिटल लायसन्स, अकाउंटला जोडलेलं. एक रुपया दिला नाही, कुणाची की घेतली नाही. मी ते आईला नेऊन दाखवलं, तिला त्यातलं काही कळत नाही पण ती माझ्याकडे बघून हसली.

सिंगल लँग्वेज या शब्दाला मी फार घाबरले होते, वाटलं आता मराठी टाइप होणारच नाही. तसं काही नाही. त्याचा अर्थ एवढाच की मेनू, बटणं यांची भाषा एकच राहते. कीबोर्ड हवे तेवढे घालता येतात, मराठी इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिक पण आहे. प्रोमधलं जे गेलं, म्हणजे दुसरीकडून आपल्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने येणं वगैरे, त्यातलं मी कधी काहीच वापरलं नव्हतं. आणखी एक गोष्ट भाच्याने लिहून ठेवायला लावली, अकरा असं नव्याने घातलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होऊ शकते, माझी झाली, आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. ते अकाउंट विसरलं आणि उद्या बोर्ड गेला तर एसएसडी धड असूनही आतलं काही वाचता येणार नाही. म्हणून अकाउंटचा पासवर्ड कागदावर पण आहे. बँकेचे, ईमेलचे पासवर्ड त्याच रात्री सगळे बदलले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले, भांडायला नाही. त्याला ती पॉवरशेलची ओळ दाखवली आणि म्हटलं गिऱ्हाइकाचं मशीन आलं की आधी ही मार, की दिसली तर तीच एडिशन घाल, तुझा पण त्रास वाचेल. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. समोर दुरुस्तीला आलेले तीन लॅपटॉप होते, दोघांत की निघाली. तिसरा विंडोजशिवाय, नुसतं डॉस घालून विकलेला, त्यात नव्हती, त्याला लायसन्स विकत घ्यावंच लागणार. त्याने ओळ वहीत उतरवून घेतली.

आता मंडळाचा कॉम्प्युटर. त्याची गोष्ट उलटी आहे म्हणून सांगते. देवळाजवळच्या खोलीत जोडणी केलेला डेस्कटॉप आहे, जमाखर्च नि पावत्यांसाठी, आणि जुलैतच गडगडाट झाला त्या रात्री बोर्ड जळाला. दुसरा जुना बोर्ड घालून डिस्क तीच लावली, विंडोज उघडलं पण ॲक्टिव्हेशन गेलं. इथे बोर्डात की नसतेच, आणि विंडोजने ज्या हार्डवेअरची ओळख ठेवली होती त्यातला मुख्य भागच बदलला, म्हणजे त्याच्या दृष्टीने हे दुसरंच मशीन. माझा लॅपटॉप असता नि बोर्ड बदलला असता तर कंपनीकडून आलेलं ते लायसन्स बोर्डाबरोबर संपलं असतं. पण आमचे खजिनदार मास्तर, निवृत्त शिक्षक, यांनी २०१७ला रीतसर बॉक्स विकत घेतला होता, रिटेलचा, आणि रिटेलचं लायसन्स एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतं. मास्तरांना विचारलं बॉक्स आहे काय, तर म्हणाले 'बाय, मी कागद टाकतो काय कधी?' आणि पावतीसकट बॉक्स घेऊन आले, आत कार्डावर की.

की टाकली तर ०एक्स-सी००४सी००८, म्हणजे ही की आधीच तेवढ्या मशीनवर वापरलेली आहे. ट्रबलशूटरमध्ये 'मी नुकतंच हार्डवेअर बदललंय' असं एक बटण असतं, पण ते चालायला लायसन्स आधीच अकाउंटला जोडलेलं लागतं आणि मंडळाच्या मशीनवर कुणी अकाउंट घातलंच नव्हतं. मग राहिला फोन. रनमध्ये एसएलयूआय स्पेस ४ टाइप केलं, देश भारत निवडला, टोल फ्री नंबर आला, आणि स्क्रीनवर इन्स्टॉलेशन आयडी, सात-सात आकड्यांचे नऊ गट, ६३ आकडे. मास्तर वाचायचे, मी मोबाईलवर द्यायचे, बाहेर पावसाचा आवाज एवढा की पाचव्या गटात चूक झाली आणि तो गट परत द्यावा लागला. मास्तर शाळेत हजेरी घ्यायचे तशा आवाजात एकेक आकडा सुटा वाचत होते, अजिबात घाई नाही. किती मशीनवर आहे असं विचारलं, एका, असं सांगितलं, कारण जुना बोर्ड जळालेला म्हणजे खरंच एकच. मग तिकडून ४८ आकडे आले, ए ते एच अशा आठ चौकोनांत सहा-सहा. ते भरले, नेक्स्ट, झालं. वीस मिनिटं लागली सगळी मिळून.

त्या मशीनवर अकरा बसत नाही, प्रोसेसर जुना आहे. तिथे दहाच ठेवलंय, मंडळाच्या नावाने अकाउंट काढून लायसन्स त्याला जोडलं, आणि नंतर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून जादा सुरक्षा अपडेटना नाव नोंदवलं, ते १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत येत राहतील. त्यानंतर काय ते मंडळाने ठरवायचं, मी बैठकीत सांगितलंय की आतापासून पैसे बाजूला काढा.

आरत्यांची पुस्तिका चवथीच्या चार दिवस आधी छापून आली, एक काना चुकलाय सातव्या पानावर, तो मला रोज दिसतो. दोन्ही मशीनच्या किया, एडिशनची नावं, अकाउंट, ४८ आकडी रिकव्हरी की, बॉक्सच्या कार्डाचा फोटो, सगळं मी एका कागदावर स्वच्छ लिहून काढलं आणि त्याच्या दोन प्रती केल्या. एक मास्तरांकडे. दुसरी आमच्या घरच्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यांच्या फाइलीत, डोंगलच्या शेजारी.